अकोल्यातला कोआला

बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही मामा-भाची अकोल्याच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. भाची नववीत. मोबाइलची बॅटरी उतरलेली, म्हणून नाइलाजाने माझ्याशी बोलत होती. मी वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर इंग्रजीत ‘अकोला’ लिहिले आणि म्हटले, “यात एक जनावर दडलंय. काढ बाहेर.”

ए-के-ओ-एल-ए. तिने कागद उलटा धरला, तिरपा धरला. “मामा, यात काईच नाई. अकोला त अकोलाच आहे न.”

मी तीच पाच अक्षरे ताटातल्या वाट्यांसारखी गोल मांडून दिली. कुठून सुरुवात करायची हेच कळेना, तेव्हा तिची नजर भिरभिरली आणि ‘के’वर थांबली. “अगं बाई! कोआला! अकोल्यात कोआला! आजीले सांगतेच आता.”

एका ओळीत लिहिलेला शब्द डोळा वाचून मोकळा होतो, मग त्याची अक्षरे सुटी दिसत नाहीत. गोलात सुरुवातच नसते, म्हणून वाचणे थांबते आणि शोधणे सुरू होते. शब्दकोडी सोडवणारे मुरलेले लोक ही युक्ती सर्रास वापरतात. दुसरी युक्ती म्हणजे स्वर एकीकडे आणि व्यंजने दुसरीकडे काढायची. तिसरी, ‘आयएनजी’, ‘ईडी’, ‘ईआर’ अशा शेपट्या आधी बाजूला ठेवून उरलेल्या धडाकडे पाहायचे.

अकोल्याच्या या पाच अक्षरांच्या, ‘ए’ दोनदा असल्याने, ६० मांडण्या होतात. अमरावतीच्या इंग्रजी आठ अक्षरांत ‘ए’ तीनदा येतो, तरी मांडण्या भरतात ६,७२०. एवढ्या तपासत कोण बसेल? संगणकही बसत नाही. तो प्रत्येक शब्दाची अक्षरे आधी एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवतो. ‘अकोला’चे होते ए-ए-के-एल-ओ. ‘कोआला’चेही तेच. म्हणजे दोघेही एकाच कप्प्यात पडले. तुम्ही अक्षरे दिली की तो ती क्रमाने लावतो आणि तो कप्पा उघडून दाखवतो. यात हुशारी काही नाही, नुसती निगुतीने लावलेली मांडणी आहे, मसाल्याच्या डब्यासारखी. नेहमीचा शब्दकोश मात्र पहिल्या अक्षराने लावलेला असतो, म्हणून ‘तिसरे अक्षर क्यू असलेला शब्द सांगा’ म्हटले की तो हात टेकतो. अशा प्रश्नाला सगळी यादी चाळणीतून काढावी लागते. माहीत असलेली अक्षरे जागच्या जागी, बाकी ठिकाणी टिंबे, आणि त्या साच्यात बसेल तेवढेच खाली पडते.

गाडी आली. खिडकीची जागा मिळाली आणि मग जिल्हाच्या जिल्हा सोलायला घेतला.

अमरावती. तिच्यातून सहा अक्षरांचा ‘अवतार’ निघाला, जसाच्या तसा. हा शब्द इंग्रजीने संस्कृतातून उचलला त्याला दोनशे वर्षे उलटून गेली, आणि आता मोबाइलवरच्या चित्राला पोरे तोच शब्द वापरतात. उरली दोन अक्षरे, एम आणि आय. जोडली की ‘मी’. भाचीने लगेच छाती पुढे काढली, “अमरावती म्हणजे अवतार मी!” इंग्रज हे नाव ‘अम्रावती’ऐवजी ‘अम्राओटी’ असे लिहीत. त्या सात अक्षरांतला ‘ओ’ काढून टाका, उरलेल्यांतून इंग्रजी कोशातला ‘अमृता’ तयार होतो, म्हणजे आपले अमृत. अमरांच्या नगरीत अमृत निघावे, यापरते काय हवे!

सगळेच असे गोड निघत नाही. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या या मुलखाला ते ‘बेरार’ म्हणत. त्याच पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द होतो ‘बेअरर’, म्हणजे अधिक उघडे, अधिक बोडके. पऱ्हाट्या उपटल्यावरचे चैत्रातले शेत ज्याने पाहिले, त्याला हे खोटे वाटणार नाही. अकोटची चार अक्षरे फिरवली की ‘ऑक्टा’ येतो. आभाळ किती भरले हे मोजायचे हवामानवाल्यांचे ते माप. आकाशाचे आठ भाग करायचे. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे पूर्ण भरलेले. जून उजाडला की अख्खे अकोट मान वर करून तेच मोजत असते. मेळघाटातला ‘जी’ काढला तर राहतो ‘हॅम्लेट’. शेक्सपिअरचा राजपुत्र नव्हे, साधा शब्द. अर्थ, लहानशी वस्ती. कोरकूंचा ढाणा म्हणा ना. आणि अकोल्यातून वाहणाऱ्या मोर्णेत ‘मॅनर’ आहे, जमीनदाराची गढी.

हा सगळा योगायोग आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मजा कमी होत नाही.

आता सोंगट्यांवरची अक्षरे जुळवून शब्द लावायच्या स्क्रॅबल या खेळाकडे वळू. अमेरिकेतल्या मंदीत काम गेलेला आल्फ्रेड बट्स हा वास्तुरचनाकार १९३०च्या दशकात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची अक्षरे मोजत बसला. कोणते अक्षर किती वेळा येते, त्यावरून त्याने सोंगट्यांची संख्या आणि गुण ठरवले. म्हणून ‘ई’च्या १२ सोंगट्या आणि गुण एकच; ‘क्यू’ची सोंगटी एकच आणि गुण १०. जुन्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला हे मोजावे लागले नसते, कोणत्या घरात खिळे जास्त लागतात ते त्याच्या हाताला माहीत असे. ‘स्क्रॅबल’ हे नाव १९४८ साली जेम्स ब्रुनो याने दिले.

या खेळात विशेषनाम चालत नाही, म्हणून अकोला बाद. पण आपल्या शेतातली ज्वारी चालते. ‘जोवार’ अशा इंग्रजी स्पेलिंगने तिचे गुण १५, आणि पहिल्याच डावात मधल्या घरावरून लावली तर ३०. ‘क्यू’ हाती आला आणि ‘यू’ नसला की इंग्रजी शाळेत शिकलेला खेळाडू घामाघूम होतो. आपण होऊ नये. ‘यू’शिवायच्या ‘क्यू’चे बरेच शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत: फकीर, तलाक, इन्किलाब, कव्वाली. इमादशाहीची राजधानी राहिलेले अचलपूर ज्याच्या जिल्ह्यात आहे, त्याच्या कानाला हे परके नाहीत. कव्वालीची सात अक्षरे म्हणजे हातातल्या साती सोंगट्या: २२ गुण, वर ५० बक्षीस.

मराठीत असे खेळ रुजले ते वेगळ्या अंगाने. आपले अक्षर काना-मात्रेसकट एकसंध. ‘को’मधला ओकार सोडवून दुसऱ्याला चिकटवता येत नाही. म्हणून आपण भेंड्या खेळतो, आणि ‘ळ’ आला की ‘ल’ने भागवतो. पण अक्षरे फिरवण्याचा सर्वांत गंभीर उद्योगही इथलाच. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे स्थान. ‘लीळाचरित्र’ तिथेच आकाराला आले. पुढे महानुभावांनी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले, एका अक्षराच्या जागी दुसरे ठेवून. किल्ली ज्याच्याजवळ त्यालाच वाचता यावे. विसावे शतक उजाडेपर्यंत बाहेरच्या मराठी वाचकाला त्या साहित्याचा पत्ता नव्हता. त्यांच्यापुढे आमचा कोआला म्हणजे पोरखेळच.

मूर्तिजापूर येईस्तोवर कडेची पट्टी भरली होती. बडनेरा तेवढे राहिले, ते तुमच्यासाठी ठेवतो. बी-ए-डी-एन-ई-आर-ए. गोल मांडा. एक ‘ई’ शिल्लक राहील आणि इंग्रजी कोशांनी आपल्याकडूनच नेलेले एक जनावर हाती येईल. सापडले नाही तर बडनेऱ्याला उतरा आणि फलाटाच्या पत्र्यावर पाहा, बहुधा तिथेच बसलेले असेल.