वावर विकून वन बीएचके?

दिवाळीत पुण्याहून घरी आलेला एखादा दादा प्रत्येक गावात असतो. धनजमध्येही असेल. तो मोबाइलवर साइटचे फोटो दाखवतो, सॅम्पल फ्लॅटची चकचकीत फरशी दाखवतो आणि म्हणतो, "लहान आहे, पण आपलं आहे." मग ओसरीवर बसलेलं कुणीतरी तुमच्या बाबांना सल्ला देतं, "दोन एकर वावर काढून टाका अन् पोराले फ्लॅट घेऊन द्या. समृद्धीनं भाव बी बरा आला आता."

तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात. नोकरी अजून लागलेली नाही, पण फ्लॅटची चर्चा सुरू झाली. आणि खरं सांगा, ती ऐकायला बरी वाटते ना? मग बाबा कुणाला तरी शब्द देऊन बसण्याआधी वही-पेन घ्या. हिशेब कॉलेजात शिकवलेल्या गणितापेक्षा सोपा आहे.

आधी 'लहान' म्हणजे किती ते बघू. सिडकोने जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईतल्या घरांच्या किमती जाहीर केल्या. त्यात आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठीचं तळोज्यातलं ३२२ चौरस फुटांचं घर २५ लाख १० हजारांचं होतं. ३२२ फूट म्हणजे साधारण १८ फूट लांब आणि १८ फूट रुंद. तेवढ्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर, झोपायची खोली सगळं. आपल्याकडे अनेकांचं अंगण याहून मोठं असतं. अर्थात मुंबईच्या बीडीडी चाळींत गिरणी कामगारांचे संसार १६० फुटांच्या खोलीत झाले, त्या मानाने हे दुप्पट. त्याच सिडको योजनेत खारघर स्टेशनजवळचं ५४० फुटांचं घर ९७ लाखांच्या घरात होतं. क्षेत्रफळ दुपटीलाही पोचत नाही, किंमत मात्र जवळपास चौपट. म्हणजे भिंती नि विटा स्वस्तच आहेत हो, महाग आहे ती त्यांच्याखालची जागा.

आता हीच किंमत आपल्या मापाने मोजा. सोयाबीनचा २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. (बाजारात तो मिळतो का, हा प्रश्न घरी विचारू नका, वातावरण तापेल.) २५ लाख १० हजार म्हणजे ४७१ क्विंटल सोयाबीन. पाऊसपाणी नीट झालं आणि एकरी सहा क्विंटल धरले, तर पाच एकरांत वर्षाला ३० क्विंटल. म्हणजे बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांचा एक रुपयाही न काढता जवळजवळ १६ वर्षांचं सगळं पीक. म्हणूनच सल्ला देणारे पीक विका म्हणत नाहीत, वावर विका म्हणतात.

आणि इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. फ्लॅट विकला तर दुसरा फ्लॅट घेता येतो. शेतीचं तसं नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, विदर्भासाठीच्या १९५८च्या कूळ कायद्यातही हेच बंधन आहे. दोनच एकर विकली आणि बाकी राहिली तर ठीक. पण असलेली सगळीच विकली आणि सातबाऱ्यावरून नाव गेलं, तर उद्या पैसे हातात असूनही परत शेतकरी होणं अवघड. बहिणीचा हक्क, आजीची सही हे वेगळंच. ते भांडण कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं.

बरं, वावर न विकता काय लागतं? २५ लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. ३० लाखांपर्यंतच्या घराला बँक जास्तीत जास्त ९० टक्के कर्ज देऊ शकते, म्हणजे अडीच लाख तुमचे. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरलं तर दीड लाख. नोंदणीचे २५ हजार. परवडणाऱ्या घरात बसत असेल तर जीएसटी एक टक्का, म्हणजे आणखी २५ हजार. झाले साडेचार लाख, तेही पंखा-गिझर न लावता. उरलेल्या साडेबावीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता येतो महिन्याला सुमारे साडेएकोणीस हजार. २० वर्षांत बँकेला जवळपास ४७ लाख जातात.

पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ता बँकही सहसा मान्य करत नाही. म्हणजे हातात किमान चाळीस हजार यायला हवेत. पहिल्या नोकरीत किती मिळतात, ते गेल्या वर्षी पास झालेल्या सीनियर्सना विचारा. तोच फ्लॅट भाड्याने घेतला तर? आपल्या शहरांत वर्षाचं भाडं बहुधा घराच्या किमतीच्या दोन ते चार टक्के असतं. वरच्या टोकाला गेलं तरी महिना आठ हजार. पार्टनर असेल तर चार. 'भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे' हे वाक्य माझ्या मते गावातल्या सगळ्यात महाग अफवांपैकी एक आहे. पहिली तीन-चार वर्षं नोकरी बदलेल, शहर बदलेल. फ्लॅट बदलत नाही.

तरी स्वतःचं घर हवंच, तर म्हाडाची सोडत बघा. पुणे-नागपूर भागात वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर अत्यल्प गट, नऊ लाखांपर्यंत अल्प गट. पुण्यासारख्या मोठ्या शहरात ४,००० चौरस मीटरवरच्या खासगी प्रकल्पांतली २० टक्के घरंही या गटांसाठी राखीव असतात आणि तीही सोडतीत येतात. आणि धनजला घर आहे म्हणून म्हाडा तुम्हाला बाद करत नाही, अट त्या शहरात घर नसण्याची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानाचं (जास्तीत जास्त एक लाख ८० हजार) मात्र उलट. तिथे देशात कुठेही पक्कं घर नको, आणि अविवाहित मुलं आईवडिलांच्याच कुटुंबात धरली जातात. मागच्या २० वर्षांत घरकुल घेतलं असेल तरी अडतं. एजंट हे आधी सांगेलच असं नाही.

खासगी बिल्डरकडे गेलात तर जाहिरातीतला महारेराचा क्यूआर कोड स्कॅन करा, ऑगस्ट २०२३पासून तो बंधनकारक आहे. ताबा कधी, मंजुरी आहे का, सगळं तिथे दिसतं. करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे कुणी मागू शकत नाही. मागितले तर उठून या, चहा अर्धा राहिला तरी चालेल.

तोवर कारंज्याला गेलात की सेतूमधून अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवा, सोडतीला ते लागतं. आणि पुढच्या दिवाळीत दादा आला की फ्लॅटचे फोटो नंतर बघा. आधी विचारा, "दादा, कार्पेट किती फूट? अन् हप्ता गेल्यावर महिन्याला हातात किती उरतात?"