जंक्शन, जू आणि युग्मनज

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत जातो, तेव्हा त्याची पहिली अडचण बहुधा विज्ञानाची नसते, शब्दांची असते. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली जाते; डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ. परीक्षेच्या आदल्या रात्री ही यादी घोकायची आणि परीक्षेनंतर विसरायची. आपले डोकेच कमी, असा समज करून घेऊन काही जण शाखाही सोडतात.

दोष डोक्याचा नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि काही वेळाने त्याच पुन्हा पाठ करी. तासाभराने त्याचे निम्म्याहून कमी श्रम वाचत, दिवसाने सुमारे एक-तृतीयांश. अर्थपूर्ण कविता पाठ करायला मात्र त्याला सुमारे एक-दशांश श्रमच पुरले. घोकलेली शब्दयादी मुलाच्या दृष्टीने निरर्थक अक्षरांसारखीच असते. तिला अर्थाचा धागा हवा, आणि तो मराठी मुलाच्या हाताशीच असतो.

उदाहरणादाखल नाशिकचा द्वारका चौक घेऊ. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता येथे एकमेकांना मिळतात, म्हणून हे 'जंक्शन'. या शब्दाच्या मुळाशी 'जोडणे' या अर्थाचा लॅटिन धातू 'युंगेरे' आहे. संस्कृतातील 'युज्' हा त्याचा सख्खा भाऊ. योग, संयोग, संयुक्त हे शब्द त्याचेच. लॅटिनमधील 'य'चा इंग्रजीत येईपर्यंत 'ज' झाला. यात परके काही नाही, आपणही यात्रेची जत्रा आणि योग्याचा जोगी केलाच आहे. 'युग'पासून झालेले आपले 'जू' तर बैलांच्या मानेवरच असते. त्यालाच इंग्रजीत 'योक' म्हणतात.

आता अवघड शब्दांकडे वळू. 'सबज्युगेट' म्हणजे जुवाखाली आणणे, अर्थात अंकित करणे. 'कॉन्ज्युगेशन' म्हणजे जोडी जुळणे. जीवाणूंच्या प्रकरणात हा शब्द भेटतो. ग्रीक भाषेत जुवाला 'झायगॉन' म्हणत. त्यावरून 'झायगोट', दोन पेशी जोडल्या जाऊन बनलेली पेशी. मराठी पुस्तकात तिला 'युग्मनज' म्हणतात. युग्म हा शब्दही 'युज्'चाच! आपल्या परिभाषेची क्लिष्ट म्हणून थट्टा करण्याची पद्धत आहे. पण युग्मनज कळलेल्या मुलीला झायगोट पाठ करावा लागत नाही, फक्त ओळखावा लागतो.

ही नाती कल्पनेची नाहीत. विल्यम जोन्स याने २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एकच असावे, असा विचार मांडला. पुढे १८२२ मध्ये याकोब ग्रिम याने ध्वनिबदलांचे नियम मांडले. मूळचा 'प' इंग्रजीच्या घराण्यात 'फ' होतो आणि 'द'चा 'ट' होतो: पाद–फूट, दंत–टूथ. लॅटिनमध्ये मात्र हे दोन्ही ध्वनी टिकले. म्हणून लॅटिनमधून आलेले 'पेडेस्ट्रियन' आणि 'डेंटल' हे शब्द पादचारी आणि दंत्य यांच्या जास्त जवळचे दिसतात. इंग्रजीतील भारदस्त शब्दसंपत्तीचा बराच भाग लॅटिन व ग्रीकमधून आलेला आहे, तेव्हा इंग्रजीतले घरगुती शब्द आपल्याला जेवढे परके, तेवढे हे 'अवघड' शब्द परके नाहीत.

द्वारका हे नावही तपासण्याजोगे आहे. त्यातील 'द्वार' आणि इंग्रजी 'डोअर' एकाच कुळातले. मूळ शब्दाच्या आरंभी 'ध' होता असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि लॅटिनमध्ये शब्दारंभीच्या अशा 'ध'चा 'फ' होतो. दाराबाहेरचा तो 'फॉरेन'! हाच नियम लावला की धूम्रपानातील 'धूम'चे 'फ्यूम' झालेले दिसते, आणि 'फ्युमिगेशन' म्हणजे आपले धुरी देणे हे सांगावे लागत नाही.

मात्र ध्वनिसाम्य दिसले की नाते जोडू नये. या मोहाला मोठमोठे बळी पडले आहेत. 'बदनाम' हा फारसीतून आलेला शब्द पाहा. त्यातील 'नाम' आणि इंग्रजी 'नेम' खरोखर एका मुळाचे आहेत, पण 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा ध्वनी व अर्थ जुळत असूनही त्यांचे नाते नाही. तो निव्वळ योगायोग आहे. एकच ध्वनिबदल अनेक शब्दांत नियमाने आढळला तरच नाते मानावे. शंका आली, तर व्युत्पत्ती देणारा शब्दकोश उघडावा. ही शिस्त विज्ञानाचीच आहे.

वर्गात हे करायला फार साहित्य लागत नाही. आठवड्याला एक धातू घ्यावा. फळ्याच्या मध्यभागी तो लिहून भोवती मुलांनाच मराठी व इंग्रजी शब्द लिहू द्यावेत. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात फळा कोरा ठेवून तेच कुटुंब पुन्हा आठवायला सांगावे. वाचून दाखवण्यापेक्षा आठवायला लावणे अधिक उपयोगी पडते. प्रत्येक शब्द एका वाक्यात वापरून घ्यावा, कारण धातूवरून अर्थाची दिशा कळते, नेमका वापर कळत नाही.

सुरुवातीला 'द्वि' घ्यावा. 'टू', 'ड्युअल', 'ड्युएट' मुले लगेच सांगतील. 'ड्युबियस' म्हणजे संशयास्पद, हा शब्दही याच कुटुंबातला कसा, हे विचारून थोडे थांबावे. 'द्विधा मनःस्थिती' हे शब्द कोणीतरी उच्चारतेच.