सिनेमाची बीट

एप्रिल 1967मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’च्या चित्रपट समीक्षक बाईंनी नोकरी सोडली आणि संपादकांनी त्यांची खुर्ची रॉजर इबर्ट नावाच्या चोवीस वर्षांच्या वार्ताहराला देऊन टाकली. त्यानं ती मागितलीही नव्हती. शिकागो विद्यापीठात इंग्रजीत पीएच.डी. करायची आणि पोटापाण्यासाठी बातम्या लिहायच्या, असं त्याचं चाललं होतं. पीएच.डी. राहूनच गेली. खुर्ची मात्र 2013 साली मरेपर्यंत सुटली नाही.

इलिनॉय राज्यातल्या अर्बाना गावचा हा इलेक्ट्रिशियनचा मुलगा पंधराव्या वर्षीच शेजारच्या शॅम्पेनमधल्या ‘न्यूज-गॅझेट’साठी शाळांच्या सामन्यांच्या बातम्या देऊ लागला. पुढे समीक्षक म्हणून तो जो काही घडला, त्याचं मूळ या खेळाच्या पानात शोधावं लागतं. सामना संपला की कोण जिंकलं, कसं जिंकलं आणि बघायला मजा आली का, हे डेडलाइनच्या आत लिहून मोकळं व्हायचं. इबर्टनं सिनेमाही असाच ‘कव्हर’ केला. परीक्षणात गोष्ट काय, ती कशी सांगितली आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला काय वाटलं, हे आधी. सिद्धान्त वगैरे जागा उरली तर.

नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा ‘बॉनी अँड क्लाइड’ आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउथर 1940 पासून समीक्षेच्या गादीवर होते, त्यांनी त्यातल्या हिंसेवरून सिनेमाला एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा झोडपलं. शिकागोतल्या या नवख्यानं त्याला चार तारे दिले आणि अमेरिकी सिनेमाच्या इतिहासातला हा मैलाचा दगड आहे, असं बजावून सांगितलं. पुढच्या वर्षी क्राउथर त्या गादीवर नव्हते.

इबर्टचे तारे चारपैकी असत आणि ते सापेक्ष असत, हे त्याला आयुष्यभर समजावून सांगावं लागलं. मारधाडीचा सिनेमा मारधाडीच्या सिनेमांशी ताडून बघायचा, इंगमार बर्गमनच्या गंभीर सिनेमांशी नाही. मत बदलायलाही त्याची ना नसे. 2003च्या कान महोत्सवात ‘द ब्राउन बनी’ बघून तो म्हणाला, या महोत्सवाच्या इतिहासात याहून वाईट सिनेमा झाला नाही. दिग्दर्शक व्हिन्सेंट गॅलोनं त्याच्या जाडेपणावरून शिव्या घातल्या, वर कॅन्सर होवो असा शापही दिला. इबर्टनं उलट टोला हाणला, की आपल्या आतड्यांची तपासणी पडद्यावर पाहिली होती, ती या सिनेमापेक्षा जास्त रंजक होती. पुढे गॅलोनं पंचवीस-सव्वीस मिनिटं कापली. इबर्टनं सिनेमा पुन्हा पाहिला आणि तीन तारे दिले.

सगळंच काही सोवळं नव्हतं. समीक्षकाच्या खुर्चीत असतानाच त्यानं दिग्दर्शक रस मेयरच्या ‘बियाँड द व्हॅली ऑफ द डॉल्स’ची पटकथा लिहिली, 1970 साली आलेला हा सिनेमा चांगलाच चावट होता. तरीही 1975 साली पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि तेही सिनेमाच्या समीक्षेसाठी पहिल्यांदाच.

त्याच वर्षी शिकागोच्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीनं त्याला जीन सिस्केलसमोर बसवलं. सिस्केल प्रतिस्पर्धी ‘ट्रिब्यून’चा समीक्षक. एकाच शहरात, एकाच बातमीमागे धावणारे दोन वार्ताहर कॅमेऱ्यासमोर भांडले तर काय होईल, एवढीच कल्पना, पण ती देशभर चालली. कार्यक्रमाच्या नावात आधी कोणाचं नाव, हे नाणं उडवून ठरलं आणि सिस्केल जिंकला. सिनेमा आवडला की अंगठा वर, नाही आवडला की खाली, असा त्यांचा निकाल असे. दोघांचे वर गेलेले अंगठे पोस्टरवर छापायला निर्माते धडपडू लागले. 1990 साली ‘टाइम’च्या रिचर्ड कॉर्लिसनं ‘फिल्म कमेंट’मधून सवाल केला, की अंगठाच पुरला तर समीक्षेचं होणार काय? तक्रार रास्त होती. पण टीव्हीवर अंगठा दाखवणारा हाच माणूस आठवड्याला पाच-सहा परीक्षणं लिहून देत होता आणि त्यात अंगठ्याचा पत्ता नसे. शिवाय ‘हूप ड्रीम्स’सारखा बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन गरीब पोरांवरचा तीन तासांचा माहितीपट 1994 साली थिएटरपर्यंत पोहोचला, त्यात या दोघांच्या आरडाओरड्याचा मोठा वाटा होता.

टीव्हीवर नाव झालं तरी त्यानं पेपर सोडला नाही. 1984मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉकनं ‘सन-टाइम्स’ विकत घेतला, तेव्हा हा मालक नको म्हणून नावाजलेले स्तंभलेखक माइक रॉयको तडक ‘ट्रिब्यून’मध्ये गेले. इबर्ट जागचा हलला नाही.

आपल्याकडच्या वाचकाला 2002मधलं त्याचं ‘लगान’चं परीक्षण काढून बघण्यासारखं आहे. आशुतोष गोवारीकरचा हा जवळजवळ पावणेचार तासांचा सिनेमा, त्यात क्रिकेट आणि मध्येच गाणी. शिकागोच्या वाचकाला हे गळी उतरवायचं म्हणजे काम होतं. इबर्टनं नाक मुरडलं नाही, आपण सगळे ज्या सिनेमांवर वाढलो त्यांची आठवण करून दिली आणि साडेतीन तारे दिले.

2002 साली थायरॉइडचा कॅन्सर निघाला. 2006च्या शस्त्रक्रियांनंतर खालचा जबडा गेला, त्याबरोबर वाचाही आणि तोंडानं खाणंपिणंही. टीव्हीचं दुकान त्याच्यापुरतं बंद झालं, लिहिणं मात्र वाढलं. 2012 या एका वर्षात त्यानं 306 परीक्षणं लिहिली. त्याआधी कुठल्याही वर्षी इतकी झाली नव्हती.

4 एप्रिल 2013 रोजी तो गेला. टेरेन्स मॅलिकच्या ‘टू द वंडर’चं परीक्षण त्यानं आधीच देऊन ठेवलं होतं, दोन दिवसांनी ते छापून आलं, साडेतीन ताऱ्यांसह.