मागे तोंड करून

मिनेसोटात बोटीमागे स्कीवाल्याला ओढायचं तर कायद्याची एक अट असते. बोट चालवणाऱ्याखेरीज आणखी एक माणूस बोटीत हवा आणि त्याची नजर मागे हवी. माणूस नसेल तर निदान मागचं पाणी रुंद दाखवणारा आरसा हवा. आरशावर भागवणारे आहेत. मला ते पटत नाही. माणूस पडला हे आरसा दाखवील. पण पडण्याआधी त्याचे खांदे कानांपर्यंत चढतात, कोपरं दुमडतात, नजर स्वतःच्या पायांकडे जाते. ते ओळखायला माणूसच लागतो. उन्हाळ्यात शेजाऱ्यांच्या बोटीत ही मागे तोंड करून बसायची जागा माझी असते. वॉटर स्कीइंगबद्दल मला जे कळलं आहे ते बहुतेक तिथे बसूनच.

चालकाने मागे वळून बघायचं नसतं. पुढे गळ टाकून बसलेल्या होड्या असतात, कयाक असतात, काठालगत पोहणारी मुलं असतात. मागच्याला ओरडून काही सांगावं तर मध्ये इंजिनाचा आवाज आणि 23 मीटर दोर. म्हणून सगळं बोलणं हातांनी चालतं. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबा. डोक्यावर थाप म्हणजे दमलो, धक्क्याकडे चला. नवशिक्याचे दोन्ही हात हँडलला चिकटलेले असतात, तो फक्त मान हलवतो. मी ते बघून चालकाला मोठ्याने सांगायचं. पडल्यावर पाण्यातून हात वर आला की माणूस ठीक आहे असं समजायचं. हात वर आला नाही, तर बाकी कशाचाही विचार न करता बोट तिकडे वळवायची.

यंदा पुण्याहून भाची आली होती. तिला पोहता उत्तम येतं, त्यामुळे लाइफ जॅकेट कशाला, असा तिचा प्रश्न होता. पोहता येण्याचा इथे फारसा संबंध नाही. वेगात डोक्याची बाजू पाण्यावर आपटली तर कानाचा पडदा फाटू शकतो. थंड पाणी आत शिरतं आणि गरगरायला लागतं. वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासं झालं की पट्टीचा पोहणाराही चुकीच्या दिशेला हात मारतो. जॅकेट घालून पट्टे आवळल्यावर मी ते तिच्या खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहिलं. हनुवटीपर्यंत सरकलं असतं तर ते मोठं होतं. मग हातातली अंगठी, घड्याळ, मनगटावरचा गंडा, सगळं काढायला लावलं. ओला दोर ताणला जाताना बोटाभोवती त्याचा एक वेढा पडला तरी बोट गमवावं लागू शकतं, आणि अंगठीखालची कातडी सोलून निघण्याचे प्रकार होतात. आपल्याकडच्या बायका मंगळसूत्र काढायला नाखूष असतात. तरी मी काढायला सांगतोच.

स्की नवशिक्याला दोन द्यायच्या, रुंद आणि जड वाटल्या तरी. पाय अडकवायचं रबरी बाइंडिंग आधी पाण्याने भिजवून घेतलं की टाच आत सरकते. ते घट्ट हवं, पण पडल्यावर सुटायला हवं. दोन्ही टोकं वाईट. फार सैल असेल तर टाच अर्धवट बाहेर येते आणि घोटा मुरगळतो. फार घट्ट असेल तर पाय आत राहतो, स्की पाण्याबरोबर फिरते आणि गुडघाही तिच्याबरोबर पिळला जातो. दोराचंही तसंच. फुगवलेली ट्यूब ओढायचा दोर स्कीला लावू नये, हे मला इथल्या जुन्या लोकांनी पहिल्यांदा सांगितलं. स्कीचा दोर फारसा ताणला न जाणारा असतो. लवचिक दोर ताणून सुटला की हँडल उलटं बोटीवर येतं, आणि ते थेट मागे बघणाऱ्याच्या तोंडावर.

आता खरी गोष्ट, ती म्हणजे उठणं. पाण्यात पोटाशी गुडघे घेऊन बसल्यासारखं तरंगायचं. हात सरळ, गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे. दोर दोन स्कींच्या मधून. स्कींची टोकं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. बोट अगदी हळू पुढे सरकते आणि दोरातला ढिलेपणा घेते. स्कीवाला तयार झाला की ओरडतो, ‘हिट इट!’ आणि चालक इंजिनाला जोर देतो. पुढचे दोन-तीन सेकंद माणसाला काहीच करायचं नसतं. बरेच जण इथेच फसतात, कारण पाण्याचा सगळा लोंढा छातीवर येत असताना काही न करणं फार अवघड असतं. संथ वेगात स्की पाणी कापत नाही, ढकलते. वेग वाढला की तिच्या तळाखालून पाणी खाली रेटलं जातं आणि ती आपोआप पृष्ठभागावर येते. प्रौढ माणूस दोन स्कींवर ताशी 30 ते 35 किलोमीटर वेगाने आरामात तरंगत जातो. तोवर गोळा होऊन राहायचं. भाचीने पहिल्या वेळी हँडल छातीकडे ओढलं. हँडल ओढलं की दोर क्षणभर ढिला पडतो, स्की पुढे निघून जातात आणि माणूस पाठीवर.

“मामा, अरे मी एवढी ओढतेय, तरी उठता येत नाही!”

“तू ओढूच नकोस. ओढणारी बोट आहे.”

याच राज्यात, मिसिसिपी नदी जिथे पसरून पेपिन सरोवर होते, तिथे 1922 मध्ये राल्फ सॅम्युअलसन नावाच्या मुलाने हे पहिल्यांदा जमवलं. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. मग पाइनच्या दोन फळ्या आणल्या, 8 फूट लांब आणि 9 इंच रुंद. टोकं उकळत्या पाण्यात मऊ केली आणि वर वळवली. भाऊ बोट चालवत होता. तरीही जमेना, कारण तो स्की पाण्याला समांतर ठेवून उठत होता. 2 जुलैला तो मागे रेलला, टोकं पाण्याबाहेर ठेवली आणि उठला. दुसऱ्या दिवशी त्याला 19 वर्षं पूर्ण झाली. अमेरिकेच्या वॉटर स्की संघटनेने पहिला मान त्याचा हे अधिकृतपणे मान्य केलं ते 1966 मध्ये. पेपिनकाठच्या लेक सिटी गावात गेलं की मला त्याचं हे टोकं वर ठेवणंच आठवतं. मी मागे बसून दर उन्हाळ्यात नेमकं तेच सांगत असतो.

पण उठण्याची ही रीत केवळ उभं राहण्यासाठी नाही. जी चूक उठू देत नाही तीच माणसाला जायबंदी करते. मांडीच्या मागच्या तीन स्नायूंचे दोर नितंबाखालच्या, आपण ज्यावर बसतो त्या हाडाला बांधलेले असतात. कंबरेतून पुढे वाकलेलं असताना गुडघे एकदम सरळ झाले की हे स्नायू दोन्हीकडून ताणले जातात. नवशिक्या घाई करून पाय ताठ करतो, तेव्हा बोट त्याचं धड पुढे खेचत असते. शेजाऱ्यांच्या एका पाहुण्याचं असंच झालं. धडधाकट तरुण, फुटबॉल खेळणारा. ताकद होती म्हणूनच तो ताकदीने उभा राहायला गेला. बोटीत ऐकू आलं नाही, पण त्याने सांगितलं की मांडीत काहीतरी फटकन तुटल्यासारखं वाटलं. बसता येईना. चार दिवसांनी मांडीच्या मागे गुडघ्यापर्यंत काळंनिळं उतरलं. अशा दुखण्याला नुसता लचका समजून बर्फ लावत बसण्याची चूक नेहमी होते. स्नायूबंध हाडापासून पूर्ण सुटला असेल तर बऱ्याचदा शस्त्रक्रिया लागते आणि ती पहिल्या काही आठवड्यांत झाली तर सोपी जाते. म्हणून आवाज, बसताना कळ आणि खाली उतरत जाणारा काळेपणा दिसला की एमआरआय करून घ्यावा, एवढं मी प्रत्येकाला सांगतो.

आणखी एक दुखापत संकोचामुळे कुणी सांगत नाही, आणि सांगायला हवी. वेगात कुल्ल्यांवर पडलं की पाणी गुदद्वारातून किंवा योनीतून जोराने आत शिरतं. त्याने आतल्या नाजूक भागाला इजा होते, कधी गंभीर. नुसता पोहायचा पोशाख पुरत नाही. वरून जाड निओप्रीनची चड्डी घालावी. भाचीला हे तिच्या मामीने सांगितलं.

ती उठली तेव्हा पहिल्यांदा बोटीच्या अगदी मागे, दोन लाटांच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात राहिली. तिथून बाहेर जायचं म्हणजे लाट ओलांडायची. गुडघे सैल ठेवून, स्कीच्या कडेवर वजन देऊन ठामपणे गेलं की लाट पायांखालून निघून जाते. घाबरून सपाट स्कीने गेलं की कड अडकते. यापुढे एकच स्की, आणि त्यापुढे स्पर्धांतला स्लॅलम. तो मी काठावरून डोळे भरून पाहिलेला आहे. मध्यरेषेपासून 11.5 मीटरवर सहा बोये असतात, आणि प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दोर कमी करत नेतात. तो 11.25 मीटरवर आला की बोयाच्या अंतरापेक्षा आखूड होतो. उरलेलं अंतर स्कीवाला आपल्या शरीराने भरून काढतो, पाण्यावर जवळजवळ आडवा होऊन.

पडलेल्याला उचलण्याचं काम सावकाश करायचं. पाण्यात एकटं डोकं दुसऱ्या बोटवाल्यांना दिसत नाही, म्हणून पडलेल्याने एक स्की उभी धरायची. चालक वळसा घेऊन माणूस आपल्या बाजूला राहील असा येतो, म्हणजे तो त्याच्या डोळ्यांसमोर असतो. शिडी लावण्याआधी इंजिन पूर्ण बंद. नुसतं न्यूट्रल चालत नाही, पंखा कधी फिरेल सांगता येत नाही. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसून पाय पाण्यात सोडणाऱ्यांना मी लगेच उठवतो. तिथे धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

बोटीत चढलेल्याची पहिली मागणी असते ती व्हिडिओची. भाचीनेही मागितला. मी काढलेला नव्हता. फोन हातात घेतला की माणूस पडद्याकडे बघतो, आणि माझं काम दोराच्या टोकाकडे बघायचं. व्हिडिओ हवाच असेल तर त्यासाठी बोटीत तिसरा माणूस बसवावा.