धूम्रपानाचे निर्बंध कितपत परिणामकारक आहेत?

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर ही मोठी वसाहत आहे. जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वसाहतीत शाळा, महाविद्यालये व कचेऱ्या आहेत. ‘रंगशंकरा’ हे प्रसिद्ध नाट्यगृहही येथेच आहे. शहरातील इतर वस्त्यांप्रमाणे येथेही चहाबरोबर विडी-सिगारेट विकणारी लहान दुकाने आहेत. ‘काँडिमेंट्स’ या नावाने ती बंगळुरात सर्वांच्या परिचयाची आहेत. अशा दुकानाच्या चार हात जागेवर किती निर्बंध आहेत, हे पाहण्याजोगे आहे. कर्नाटकाच्या विधिमंडळाने २०२४ साली संमत केलेला दुरुस्ती-कायदा २०२५ मध्ये अंमलात आला. त्यानुसार एकवीस वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूचा कोणताही पदार्थ विकता येत नाही. शिक्षणसंस्थेपासून शंभर मीटरांच्या आत विक्री करता येत नाही. पाकीट फोडून एकेक सिगारेट विकता येत नाही. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यास होणारा दंड २०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेला आहे.

एवढे निर्बंध असूनही धूम्रपान बंद झालेले नाही, हे उघड आहे. त्यावरून पुष्कळांचे मत असे होते की, असले कायदे कागदावरच राहतात. उलट, कायदा अधिक कडक केला की व्यसन आपोआप नाहीसे होईल, असे मानणारेही आहेत. ही दोन्ही मते तपासून पाहणे शक्य आहे; कारण कायद्याचा परिणाम ही केवळ मताची बाब नसून मोजमापाची बाब आहे.

मोजमाप काय सांगते?

भारतात या विषयाची प्रगती टप्प्याटप्प्याने झाली. १९७५ च्या कायद्याने पाकिटावर धोक्याची सूचना छापणे आवश्यक ठरले. मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानास मनाई केली. २००३ साली संसदेने व्यापक कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणांविषयीचे सुधारित नियम लागू झाले. २००९ मध्ये पाकिटांवर इशाऱ्याची चित्रे आली. १ एप्रिल २०१६ पासून या इशाऱ्याने पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापावा असा नियम झाला.

या काळात प्रौढांच्या तंबाखूसेवनाची दोन राष्ट्रव्यापी सर्वेक्षणे झाली. पहिले २००९-१० मध्ये व दुसरे २०१६-१७ मध्ये. पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण देशभरात १४ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर उतरले. कर्नाटकात ते ११.९ वरून ८.८ वर आले, तर महाराष्ट्रात ६.६ वरून ३.८ वर. घरात दुसऱ्याच्या धुराचा उपद्रव सोसणारे लोक शेकडा ५२ होते, ते ३९ झाले. कामाच्या बंदिस्त जागी मात्र हे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास जसेच्या तसे राहिले. सर्व ठिकाणी सारखाच परिणाम होत नाही, हा या आकड्यांचा पहिला धडा होय.

तथापि घट झाली म्हणून ती कायद्यामुळेच झाली, असे म्हणता येत नाही. त्याच काळात शिक्षण वाढले, राहणीमान बदलले, आरोग्याची जाणीव वाढली. यांपैकी कायद्याचा वाटा वेगळा कसा काढावयाचा? यासाठी शास्त्रज्ञ तुलनेचा आधार घेतात. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास मनाई झाली. शेजारच्या इंग्लंडात तसा कायदा जुलै २००७ पर्यंत नव्हता. या अंतराचा संशोधकांनी उपयोग करून घेतला. स्कॉटलंडच्या नऊ रुग्णालयांत हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दाखल होणाऱ्या रुग्णांची संख्या मनाईनंतर १७ टक्क्यांनी घटली. त्याच अवधीत इंग्लंडातील घट अवघी ४ टक्के होती. विशेष म्हणजे, स्कॉटलंडमधील घटीचा सुमारे दोनतृतीयांश भाग धूम्रपान न करणाऱ्यांचा होता. म्हणजे कायद्याने प्रथम वाचविले ते शेजारी बसणाऱ्या निरुपद्रवी माणसाला. कायदा निरुपयोगी असतो, हे मत येथे टिकत नाही.

उपाय कोणत्या मार्गाने काम करतात?

तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य धुराबरोबर फुप्फुसांत जाते आणि काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे ते क्षणिक समाधान देते, व तेच पुन्हा पुन्हा हवेसे वाटू लागते. एकदा हे चक्र रूढ झाले की नुसत्या उपदेशाने ते मोडत नाही. म्हणून शासनाचे यशस्वी उपाय माणसाच्या निश्चयावर विसंबत नाहीत. ते सिगारेट हाती येण्याची व ओढण्याची सोय कमी करतात.

यांतील सर्वांत प्रभावी उपाय किंमत हा होय. अनेक देशांतील अनुभवावरून असा अंदाज बांधला जातो की, किंमत १० टक्क्यांनी वाढली तर संपन्न देशांत तंबाखूचा खप सुमारे ४ टक्क्यांनी व इतर देशांत सुमारे ५ टक्क्यांनी घटतो. तरुण व गरीब यांच्यावर हा परिणाम अधिक होतो, कारण त्यांच्या खिशास तो अधिक जाणवतो. दुसरा उपाय जागेचा. त्याचे फळ स्कॉटलंडच्या उदाहरणात दिसले. तिसरा उपाय चित्रमय इशाऱ्याचा. भारतीय सर्वेक्षणांत, पाकिटावरील इशारा पाहून धूम्रपान सोडण्याचा विचार मनात आला असे सांगणारे सिगारेट ओढणारे पूर्वी शेकडा ३८ होते; पुढे ते शेकडा ६२ झाले. विडी ओढणाऱ्यांत हे प्रमाण २९ वरून ५४ वर गेले. या चित्रांचे बळ तंबाखूच्या उद्योगासही ठाऊक असावे. ८५ टक्क्यांच्या नियमाविरुद्धचा वाद बंगळुरातच कर्नाटक उच्च न्यायालयापुढे चालला; डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द ठरविला, आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

गळती कोठे होते?

जे. पी. नगरातील दुकानासारख्या ठिकाणी या सर्व उपायांना एकच छिद्र पडते, आणि ते म्हणजे सुटी सिगारेट. वरील दुसऱ्या सर्वेक्षणानुसार भारतातील सिगारेट ओढणाऱ्यांपैकी शेकडा ६८ जण सुटी सिगारेट विकत घेत होते. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. इशाऱ्याचे चित्र पाकिटावर असते. एक सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर छापला जातो, व बंगळुरातील निमहान्स ही संस्था या मदतकार्यात सहभागी आहे. परंतु सुट्या सिगारेटीच्या गिऱ्हाइकास तो क्रमांक दिसत नाही. कर वाढला तरी पाकिटाची वाढलेली रक्कम एकदम मोजावी लागत नाही. एका सिगारेटीमागे रुपया-दोन रुपयांची वाढ चहाबरोबर सहज पचते. आणि विद्यार्थ्याला पहिली सिगारेट घ्यावयाची असते, तेव्हा त्यास वीस नको असतात, एकच हवी असते. अशा रीतीने चार स्वतंत्र कायद्यांची शक्ती एकाच व्यवहारात वाया जाते.

कर्नाटकाने सुट्या विक्रीस २०१७ साली मनाई केली, महाराष्ट्राने २०२० साली. पण मनाई जाहीर करणे आणि ती पाळली जाणे यांत अंतर असते. पाकीट ही मोजता येणारी, छापील व करांकित वस्तू आहे; तिच्यावर कारखान्याच्या दाराशीच लक्ष ठेवता येते. सुटी सिगारेट मात्र लक्षावधी दुकानांत क्षणार्धात हातची हातात जाते. निरीक्षक एक आणि दुकाने हजार, अशी ही स्थिती असते.

संपूर्ण बंदी हाच यावरील तोडगा होय, असे कोणास वाटेल. अनुभव तसा नाही. भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली. चोरटा व्यापार थांबला नाही, आणि २०२१ मध्ये ती बंदी उठविण्यात आली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा पानमसाला व तंबाखू यांच्या दोन निराळ्या पुड्या बाजारात आल्या. गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करू लागले. मागणी कायम ठेवून केवळ वस्तू गुन्हेगारीच्या यादीत घातली, तर ती वस्तू दुसऱ्या वाटेने येते.

या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी हे मराठीभाषक गाव तंबाखूच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन तेथेच झाले. विड्या वळून संसार चालविणाऱ्या स्त्रियाही त्या भागात पुष्कळ आहेत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा सिगारेटीवर अधिभार बसला, विडीवर बसला नाही. त्यामागे या हातांचा विचार होता. परंतु विडीचा धूर सिगारेटीच्या धुराहून सौम्य नाही, आणि स्वस्त विडी गरिबाचेच आयुष्य कमी करते. या कुटुंबांस दुसरे काम मिळवून देणे हाही धूम्रपान रोखण्याचाच एक भाग समजला पाहिजे. एरवी एका गरिबाची भाकरी दुसऱ्या गरिबाच्या छातीवर भाजली जाईल.

यास्तव ‘शासनाचे उपाय उपयोगी पडतात काय?’ या प्रश्नास एका शब्दात उत्तर नाही. किंमत, जागा व इशारा हे तीन उपाय उपयोगी पडतात, हे मोजून सिद्ध झाले आहे. ते एकमेकांच्या आधाराने चालतात, आणि जेथे सुट्या विक्रीसारखी पळवाट राहते तेथे एकदमच दुबळे होतात. दंडाची रक्कम वाढविण्यापेक्षा ही पळवाट बुजविणे अधिक कठीण आहे. परंतु लाभही तेथेच आहे.

हा लाभ किती, याचेही मोजमाप झालेले आहे. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून २००४ साली दाखवून दिले की, तिसाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यास सुमारे दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यास सहा, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यासही तीन. जो कधी सुरुवातच करीत नाही, त्याचे मात्र काहीच हिरावले जात नाही.