जुन्या फटफटीला धाकटी बॅटरी

जुन्या फटफट्या पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६० नंतर जावा निघू लागली, १९७३ पासून तीच गाडी येझदी या नावानं विकली जाऊ लागली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पण गाड्या काही संपल्या नाहीत. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पडवीत पोत्याखाली झाकून त्या उभ्याच होत्या. आता घरातली तरणी पोरं त्या बाहेर काढतात, घासतात, पुसतात आणि आपल्या हौसेप्रमाणं बदलतात. बाजूच्या पत्र्याच्या पेट्या निघतात, सीट आखूड होते, मडगार्ड कापलं जातं. गाडी दिसते मोठी ऐटबाज. मग एक अडचण उभी राहते. पेटीत बसणारी बॅटरी आता ठेवायची कुठं?

माझ्या थोरल्या भावाची येझदी त्याच्या माघारी माझ्या पुतण्यानं अशीच नटवली. सीटखाली जेमतेम विटेएवढी जागा उरली. तो बॅटरीच्या दुकानात गेला. दुकानदारानं घरातल्या इमर्जन्सी दिव्यात असते ती ६ व्होल्टची इवलीशी बॅटरी हातावर ठेवली आणि म्हणाला, "सहा ते सहाच, घेऊन जा." पंधरा दिवस गाडी झकास चालली. कारण ते पंधरा दिवस ती दिवसाउजेडीच फिरत होती. मग एका रात्री कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटाच्या उतारावर तो एका भरल्या ट्रकमागं अडकला. दिवा आधी पिवळा झाला, मग निखाऱ्यासारखा लाल. इंजिननं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि एका वळणावर दिवा व इंजिन दोन्ही एकदमच गेलं. मागून येणाऱ्या गाडीवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी पोरगं मला विचारतं, "काका, नवी कोरी बॅटरी मेली कशी?"

बॅटरी मेली नव्हती, रिकामी झाली होती. हा फरक समजला की बॅटरीची निवड निम्मी झालीच म्हणून समजा.

मोटेचे दिवस आता राहिले नाहीत, पण मोट पाहिलेली माणसं आपल्यात अजून आहेत. मोट चालू असेपर्यंत पाटाला पाणी असतं. बैल थांबले की काम भागवायचं ते भरून ठेवलेल्या हौदावर. इंजिनच्या टोकाला बसवलेला डायनॅमो ही आपली मोट, आणि बॅटरी हा हौद. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब. हौद केवढा, ते सांगणारा आकडा वेगळा. त्याला अँपिअर-तास म्हणतात आणि तो बॅटरीच्या अंगावर छापलेला असतो. दुकानदारानं दाब जुळवला, हौद पाहिलाच नाही.

आता थोडा हिशेब करू. गुरुजींनी तो फळ्यावर मांडायला हरकत नाही. वॅटला व्होल्टनं भागलं की अँपिअर मिळतात. पुढचा दिवा ३५ वॅट, मागचा ५, ब्रेकचा १८, आणि ठिणगी पाडणारी कॉइल साधारण १५ वॅट खाते. एकूण झाले ७३. त्याला ६ नं भागा, म्हणजे १२ अँपिअर. या जुन्या गाड्यांचा डायनॅमो ४५ वॅटच्या आसपासचा, आणि तोही इंजिन जोरात फिरत असेल तेव्हा. घाटाच्या उतारावर, ट्रकमागं, थ्रॉटल सोडून, ब्रेकवर पाय ठेवून उतरताना तो जवळजवळ काहीच देत नाही. सगळा भार हौदावर. पुतण्याची बॅटरी होती साडेचार अँपिअर-तासांची. कागदावर ती २२ मिनिटं पुरायला हवी. पण त्यातही एक मेख आहे. छोट्या बंद बॅटरीवरचा आकडा वीस तासांत हळूहळू उपसली तर किती देईल, त्याचा असतो. घाईनं उपसली तर ती तेवढं देत नाही. म्हणजे पाव तासाच्या आतच सारा खेळ आटोपतो.

आणि दिव्याबरोबर इंजिन का गेलं? तर या गाडीत ठिणगीसुद्धा बॅटरीवरच चालते. ज्या गाडीत मॅग्नेटो असतो तिची ठिणगी स्वतंत्र असते; तिथं बॅटरी गेली तरी इंजिन बंद पडत नाही. म्हणून बॅटरी लहान करण्याआधी आपल्या गाडीची ठिणगी कुठून येते, हे मिस्त्रीला विचारून घ्या. माझ्या मते पहिला प्रश्न हाच. जागेची मोजमापं त्यानंतर.

हौद फार लहान असला तर उलट बाजूनंही नुकसान होतं, बरं का. दिवसा दिवे बंद ठेवून सडकेनं भरधाव गेलात, की कॉइलचे १५ वॅट वजा जाऊन डायनॅमोचे ३० वॅट शिल्लक राहतात. म्हणजे ५ अँपिअर. जुना रेग्युलेटर नीट आवरत नसेल तर हे सगळे त्या चिमुकल्या बॅटरीत घुसतात. साडेचार अँपिअर-तासांच्या बंद बॅटरीला दीड अँपिअरच्या आतच चार्जिंग मानवतं. जास्त झालं तर ती तापते, फुगते, आतून सुकते. आणि बंद असल्यामुळं तिच्यात पाणीही घालता येत नाही.

मग पुतण्यानं काय केलं? आधी खर्च कमी केला. पुढचा, मागचा आणि ब्रेकचा, तिन्ही दिवे ६ व्होल्टचे एलईडी बसवले. कॉइल धरून सगळा भार ३० वॅटवर, म्हणजे ५ अँपिअरवर आला. मग फूटपट्टी घेऊन सीटखालची जागा मोजली. ६ व्होल्टची १२ अँपिअर-तासांची बंद बॅटरी चपटी मिळते: लांबी साधारण १५१ मिलिमीटर, रुंदी अवघी ५०, उंची शंभराच्या आत. आडवी पट्टी ठोकून ती बसली. बंद बॅटरीत आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, त्यामुळं ती कुशीवर ठेवली तरी सांडत नाही. उलटी मात्र टांगू नये. आता डायनॅमो अगदी गप्प बसला तरी दीड-दोन तास निघतात, आणि घाट काही तेवढा लांब नाही.

लिथियमची बॅटरी वजनाला शिशाच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आकारानंही लहान. तिचा मोह मलाही होतो. पण ती चार्जिंगच्या बाबतीत नाजूक. १२ व्होल्टच्या लिथियमला १५ व्होल्टच्या पुढं गेलेलं खपत नाही, आणि जुना यांत्रिक रेग्युलेटर कधी कुठं जाईल याचा नेम नाही. तो बदलून इलेक्ट्रॉनिक बसवल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. आणि ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची बॅटरी "बसते आहे ना" म्हणून जोडणं हा तर निव्वळ घात. बल्ब उडतात आणि बॅटरीला चार्जिंग कधी मिळतच नाही.

नवी बॅटरी आणण्याआधी मीटर लावून एक गोष्ट पाहा. इंजिन मध्यम वेगात फिरवून बॅटरीच्या दोन टोकांवर ६ व्होल्टच्या गाडीत ७ ते ७.२, आणि १२ व्होल्टच्या गाडीत १४ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. काटा वर चढतच नसेल तर दोष चार्जिंगचा आहे. कितीही बॅटऱ्या बदला, गुण यायचा नाही. दुकानात डब्यावरची तारीख वाचा. वर्षभर फळीवर पडलेली बॅटरी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. जुनी काढताना चॅसीला कोणतं टोक जोडलंय ते लिहून ठेवा. काही जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक चॅसीला असतं.

बसवताना खाली रबराचा तुकडा घाला. एका सिलिंडरच्या गाडीची थरथर आतल्या पट्ट्या खिळखिळ्या करते. सायलेन्सरपासून दूर ठेवा, आणि बॅटरीलगतच १५ अँपिअरचा फ्यूज घाला. नटवलेल्या गाडीत वायरी सीटच्या पत्र्याला घासतात, आणि वर पेट्रोलची टाकी असते.

गाडी नुसती उभी राहणार असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी काढून सावकाश चार्ज करावी. १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीला एक-सव्वा अँपिअर पुरे. आणि जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. तिच्यातलं शिसं पाण्यात उतरतं. ती दुकानदाराकडं द्या. तो तिचे पैसेही वजा करून देतो.