कचऱ्याचा डोंगर आणि आपला गाळा

भंगाराच्या धंद्यातील माणसाला कचऱ्यात घाण दिसत नाही, माल दिसतो. मुंबईत देवनारच्या कचरा डेपोला लागून असलेल्या शिवाजीनगर, बैंगणवाडी, रफीकनगर या वस्त्यांत कित्येक घरांची रोजी या मालावर चालते. शेजारीच शिवणकामाचे आणि जरीकामाचे गाळे आहेत. धंदा सोडा, हा सल्ला येथे निरुपयोगी आहे. मात्र डेपोतून आपल्यापर्यंत काय पोहोचते आणि त्यात आपण स्वतःच्या हाताने किती भर घालतो, हे व्यवसायबंधूंनी जाणून घ्यावे.

देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला. थरांखाली हवा नसताना ओला कचरा कुजला की मिथेन वायू तयार होतो. त्याला वास नसतो, पण तो सहज पेट घेतो आणि आग आतल्या आत धुमसत राहते. २०१६ च्या जानेवारीअखेर लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच वर्षी कचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने काही अपवाद वगळता शहरातील नव्या बांधकामांना मनाई केली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शिथिल केली. ज्या गवंड्या-सुतारांनी देवनार कधी पाहिलेही नसेल, त्यांच्या कामावरही अशी गदा आली.

वास म्हणजेच रोग, असा आपला समज आहे. घाण वासाने डोके दुखते, मळमळते हे खरे. पण अधिक घातक आहे तो धुरातील डोळ्यांना न दिसणारा बारीक कण. तो फुफ्फुसात खोल जातो. दमा, जुना खोकला, हृदयविकार यांचे मूळ पुष्कळदा तेथे असते. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो. क्षयरोग मात्र जंतूमुळे होतो, कचऱ्यामुळे नव्हे. पण धुराने कमजोर झालेली छाती आणि दहा जण बसलेला बिनखिडकीचा गाळा त्याला सोयीचा पडतो. दोन आठवडे खोकला टिकल्यास सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत.

पावसाळ्यात डोंगरातून काळे पाणी झिरपते. डेपोजवळच्या बोअरचे पाणी उकळले तर जंतू मरतात, पण त्यात विरघळलेले धातू तसेच राहतात. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी ते पाणी वापरू नये.

आता आपल्या हातातली गोष्ट. तांबे काढण्यासाठी वायर जाळण्याची पद्धत सर्रास आहे. वायरवरचे पीव्हीसी जळताना आम्लारी धूर निघतो आणि डायॉक्सिन नावाचे कर्करोगकारक विष तयार होते. तांब्यामुळे ते अधिकच बनते. हा धूर पहिल्यांदा जाळणाऱ्याच्याच छातीत जातो, मग शेजारच्या घरात. शिवाय यात नफा तरी कोठे आहे? जळके, काळे पडलेले तांबे सोललेल्या लखलखीत तांब्यापेक्षा कमी भावाने जाते. सोलायला वेळ लागतो म्हणून कारागीर कंटाळतो, हे मान्य. दोन-तीन गाळ्यांनी मिळून वायर सोलण्याचे यंत्र घेतले तर खर्च वाटला जातो.

जुन्या बॅटऱ्यांचे शिसे याहून वाईट, कारण त्याचा धूर दिसत नाही. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी येते आणि लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. झालेले नुकसान सहसा भरून येत नाही. कामाचे कपडे गाळ्यातच बदलावेत, वेगळे धुवावेत. साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये, विडीही ओढू नये. बॅटरी मात्र गाळ्यात फोडूच नये. ती अखंड, आतल्या तेजाबासह, परवाना असलेल्या कारखान्याकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यालाच द्यावी.